निवृत्त खेळणे आणि असन्निधानाचा प्रश्न

जी वस्तू तिच्या निर्मात्याने बनवणे थांबवले आहे, जिचे सुटे भाग मात्र आजही बाजारात मिळतात आणि जिची नवी आवृत्तीही पुन्हा निघालेली आहे, तिच्याविषयी माणसाला वाटणारी हुरहुर नेमकी कशाची असते, हा प्रश्न वरवर बालिश वाटतो. परंतु तो उलगडू लागताच अवयव आणि अवयवी, स्मृती आणि ओळख, सन्निधान आणि असन्निधान यांविषयीच्या भारतीय विचारातील जुन्या चर्चा एकामागून एक समोर येतात, आणि त्यांतील शेवटची चर्चा तर विदर्भाच्याच भूमीत आणि मराठी भाषेतच घडलेली आहे.

उदाहरण डेन्मार्कमधील लेगो या कंपनीचे घेता येईल. बिलुंड या गावी 1932 साली एका सुताराने लाकडी खेळणी बनवण्यापासून तिची सुरुवात केली. 1958 साली एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटेची आजची रचना ठरली, आणि 1960 साली लाकडी खेळणी बनवणे कायमचे बंद झाले. पुढे 1989 साली समुद्री चाच्यांची मालिका निघाली, ज्यात ‘ब्लॅक सीज बॅराकुडा’ नावाचे कापडी शिडांचे मोठे जहाज होते. तोवरच्या सर्व चिमुकल्या बाहुल्यांना दोन ठिपक्यांचे डोळे आणि एकच ठरावीक स्मित असे. या चाच्यांना मात्र प्रथमच दाढी, मिशा आणि डोळ्यावरची पट्टी असलेले वेगवेगळे चेहरे मिळाले. काही वर्षांनी हा संच बाजारातून काढून घेण्यात आला, म्हणजे संग्राहकांच्या बोलीत तो ‘निवृत्त’ झाला. 2002 साली तो पुन्हा काढला गेला, आणि 2020 साली तेच जहाज बेटावर आदळून फुटलेल्या अवस्थेत, 2545 तुकड्यांच्या संचाच्या रूपाने आले, ज्याचे भाग पुन्हा जुळवून अखंड जहाज उभे करता येते. तरीही जुन्या संचाचा शोध थांबला नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की रथ म्हणजे आस, चाके की जू, आणि यांपैकी एकही रथ नसेल तर रथ कोठे आहे. त्याचे उत्तर असे की रथ हे भागांच्या विशिष्ट जुळणीला दिलेले केवळ नाव होय. न्याय आणि वैशेषिक दर्शनांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयव म्हणजे भाग आणि अवयवी म्हणजे त्या भागांत समवाय नावाच्या नित्य संबंधाने राहणारी स्वतंत्र, सत्य वस्तू. भाग विलग झाले की तो अवयवी नष्ट होतो, आणि तेच भाग पुन्हा जोडले तरी निर्माण होतो तो दुसराच अवयवी. जोडणीच्या खेळण्याइतके या वादाला चपखल उदाहरण शोधूनही सापडणार नाही. नागसेनाचे म्हणणे घेतले, तर ज्याच्या घरी सर्व विटा आहेत त्याला हळहळण्याचे कारणच उरत नाही. वैशेषिकांचे घेतले, तर मुलाने वीस वेळा मोडून पुन्हा उभे केलेले जहाज ही वीस निरनिराळी जहाजे ठरतात. मात्र मोडणारे मूल त्या प्रत्येक नाशाच्या वेळी आनंदात असते. दुःख होते ते तीस वर्षांनी, आणि तेही त्या मुलाच्या वाढलेल्या वयाला. म्हणजे अवयवीचा नाश हे या हुरहुरीचे कारण नव्हे, आणि दोन्ही पक्षांचे युक्तिवाद वस्तूविषयी कितीही खरे असले तरी या दुःखापर्यंत पोहोचत नाहीत.

‘हे तेच आहे’ अशा ओळखीला दर्शनशास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात. नैयायिक तिच्या आधारे वस्तूचे टिकाऊपण सिद्ध करू पाहतात, तर बौद्ध आचार्य कापल्यावर पुन्हा उगवलेल्या केसांचे आणि नखांचे उदाहरण देऊन दाखवतात की साम्यामुळे होणारी ओळख फसवी असू शकते. 2002 साली पुन्हा निघालेले जहाज हे असेच उगवलेले नख होय: जात तीच, व्यक्ती वेगळी. रूपावरच मन जडले असते, तर या नव्या जहाजाने समाधान व्हायला हवे होते. शोध चालू राहतो तो उन्हाने पिवळट पडलेल्या जुन्या विटांचा. म्हणून ओढ रूपाची नसून व्यक्तीची, आणि व्यक्तीपेक्षाही तिच्याशी जडलेल्या कशाची तरी आहे, असे मानावे लागते.

काश्मीरचा नैयायिक जयंत भट्ट याने स्मृतीला प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले नाही, कारण स्मृती विषयापासून उपजत नाही. ती उपजते तेव्हा विषय कधीच नाहीसा झालेला असू शकतो. जैन आचार्यांनी याउलट स्मृतीला प्रमाणाचा दर्जा दिला. हा मतभेद कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाजवळ आणून ठेवला की त्याचे गांभीर्य कळते. हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत अकारण व्याकुळ होतो, आणि सुखी माणसालाही सुंदर दृश्याने किंवा मधुर स्वराने वाटणारी ही अस्वस्थता मनात खोल रुतलेल्या पूर्वजन्मीच्या स्नेहबंधांची नकळत झालेली आठवण असावी, असे म्हणतो. अभिनवगुप्ताने रसचर्चेत याच श्लोकाचा आधार घेतला आहे. जे खेळणे कधी हाती आलेच नाही, केवळ चित्रात पाहिले, त्याच्याविषयीही हुरहुर का वाटते, याचे उत्तर या विचारातून मिळू शकते. परंतु नाटकातील प्रसंग त्या श्लोकाहूनही अधिक सांगतो: राजाची व्याकुळता अस्पष्ट असली तरी अकारण नाही, कारण विस्मरणात गेलेली एक जिवंत स्त्री त्याच्याच दाराशी येऊन पोहोचत आहे. तिची आठवण परत आणते ती अंगठी, आणि त्या जागी तशीच दुसरी अंगठी चालली नसती.

अंगठीचे हे सामर्थ्य रूपात नसून संबंधात आहे, आणि संबंधाचा हा विचार महानुभाव पंथाने जितका काटेकोरपणे केला तितका क्वचितच दुसऱ्या कोणी केला असेल. तेराव्या शतकात श्रीचक्रधर निघून गेल्यावर त्यांच्या अनुयायांसमोर जो प्रश्न उभा राहिला, त्याला पंथाच्या परिभाषेत असन्निधान, म्हणजे परमेश्वरावताराची अनुपस्थिती, म्हणतात. सन्निधान म्हणजे त्याचा प्रत्यक्ष सहवास. पंथाने देवाची मूर्ती घडवून ही उणीव भरून काढली नाही. अवतार जेथे बसले, उठले, राहिले ती स्थाने, आणि त्यांचा स्पर्श झालेली वस्त्रे, पाषाण आणि इतर वस्तू, ज्यांना प्रसाद म्हणतात, यांना वंदनीय मानले गेले. आणि तेही त्या वस्तू स्वतः परमेश्वर आहेत म्हणून नव्हे, तर त्या त्याच्याशी संबंधित आहेत आणि त्याचे स्मरण घडवतात म्हणून. पाषाण हुबेहूब तसाच असून उपयोग नाही, तो तोच असला पाहिजे. आणि तो तोच असला तरी थांबायचे त्याच्यापाशी नाही, हा त्या विचाराचा दुसरा आणि अधिक कठीण भाग आहे. याच गरजेतून विदर्भातील रिद्धपूर येथे पंथातील म्हाइंभटांनी, ज्यांना श्रीचक्रधरांचा सहवास घडला होता अशांना विचारून विचारून लीळा, म्हणजे त्या सहवासातील प्रसंगांच्या आठवणी, गोळा केल्या, आणि आठवणींत जेथे भेद आढळला तेथे तो भेदही नोंदवण्याची रीत या परंपरेत रूढ झाली. लीळेवाचून प्रसाद हा नुसता दगड होय.

निवृत्त खेळण्याची तुलना या श्रद्धेशी करणे म्हणजे श्रद्धेला खाली ओढणे नव्हे; माणसाच्या एका सामान्य ओढीला तिची योग्य मोजपट्टी देणे होय. जुने जहाज शोधणारा माणूसही असन्निधानातच असतो, आणि त्याच्यापासून दूर गेलेले असतात ते शेजारी बसून विटा निवडून देणारे भावंड, परवडत नसताना संच आणणारे वडील, आणि अखेरीस तो स्वतः जे मूल होता ते मूल. दुसऱ्याने वापरलेला जुना संच चढ्या भावाने विकत घेतला, तर त्याला प्रसाद मिळतो खरा, पण तो परक्या लीळेचा. बाजार रूप पुरवू शकतो, दुर्मीळताही पुरवू शकतो. संबंध मात्र पुरवू शकत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा परिसरात, समुद्रापासून शेकडो मैल आत, सागवान आणि बांबूच्या रानात, खेळण्याची एक वेगळी व्यवस्था पूर्व विदर्भाच्या इतर भागांप्रमाणेच आढळते. धानाची रोवणी आटोपल्यावर येणाऱ्या अमावस्येला पोळा असतो. आदल्या दिवशी खांदशेकणीत बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळले जातात, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या प्रतिपदेला, मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले चाके लावलेला लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि त्यांना बोजारा म्हणजे खाऊ किंवा पैसे मिळतात. हा सण दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केल्याचे नागपूरकडे परंपरेने सांगितले जाते. येथे महत्त्वाचे हे की सुताराने घडवलेला तो बैल अनेक घरी आजोबांकडून नातवाकडे येतो, त्याचे चाक बदलते, रंग दरसाल नवा लागतो, शिंग मोडले तर नवे बसते, आणि तरीही तो ‘आपला’ बैल राहतो. वैशेषिकाने तो नवा अवयवी ठरवला तरी घरात कोणी तसे मानत नाही, कारण त्याचे एकत्व लाकडात नसून हातांच्या परंपरेत आहे. तो निवृत्त होत नाही, कारण त्याला निवृत्त करण्याचा अधिकार कोणा दूरच्या निर्मात्याकडे नाही.

मात्र या व्यवस्थेला आदर्श ठरवून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. खेळणे ज्याचे प्रतीक असते त्याच्याशीही संबंध खरा असावा लागतो. जहाजावरचा तो चाचा कोणाचा पूर्वज नाही आणि कोणाचा वैरीही नाही. मराठी वाचकाला मात्र ठाऊक असते की 1729 साली निवर्तलेल्या सरखेल कान्होजी आंग्र्यांना, ज्यांनी कोकण किनाऱ्यावरील जहाजांना आपले दस्तक घ्यायला लावले, इंग्रजांनी चाचाच म्हटले, आणि त्यांचेच नाव आज मुंबईतील नौदलाच्या तळाला आहे. लाकडी बैलाचे त्या खेळण्यातील चाच्यासारखे नव्हते. त्याचा सजीव जोडीदार अंगणातच बांधलेला असे आणि मूल दोघांनाही एकाच हाताने गोंजारत असे. जसजशी बांधीतील चिखलणी ट्रॅक्टरकडे जाते आणि गोठे रिकामे होतात, तसतसा तो लाकडी बैलही, कधी न पाहिलेल्या समुद्रावरच्या जहाजासारखा, ऐकीव गोष्टीचे प्रतीक होऊ लागतो. रूप राहते, दोरी राहते, बोजाराही राहतो, आणि संबंध मात्र सुटत जातो. अशा वेळी त्या बैलासोबत त्याची लीळाही पुढच्या हातात गेली पाहिजे: घरच्या जोडीतील बैलांची नावे काय होती, कोणता डाव्या अंगाला चाले, कोणता चिखलात बसला आणि त्याला कोणी उठवले. स्वतः जोत हाकलेली माणसे गावात आहेत तोवर हे विचारून घेता येते, आणि दोघांच्या सांगण्यात भेद पडला तर तो भेदही लिहून ठेवता येतो.