खुरपे कोणाच्या हातात?



बौद्धिक अक्षमता असलेले मूल लहान असते तोवर त्याच्यासाठी विशेष शाळा असते, बाई असतात, स्नेहसंमेलन असते. अठरा वर्षे पूर्ण झाली की एकेक दार बंद होऊ लागते. मुलगा तिशीचा होतो आणि आई साठी ओलांडते. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. धर्मगुरू घरी आले की तेथील आईवडील एकच प्रश्न विचारतात, ‘‘फादर, आमच्यामागे ह्याचे कसे होणार?’’

ह्या प्रश्नाचे एक उत्तर काही लोकांनी शेतात शोधले. व्हिएन्नाचे डॉक्टर कार्ल कोनिग नाझींच्या छळामुळे देश सोडून स्कॉटलंडला आले. १९४० साली त्यांनी सहकाऱ्यांसह अ‍ॅबर्डीनजवळ कॅम्पहिल येथे विशेष मुलांबरोबर एकत्र राहण्यास आरंभ केला. पुढे १९५५ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये बॉटन हे खेडे खास प्रौढांसाठी उभे राहिले. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातील कोळवण येथे ‘साधना व्हिलेज’ ही संस्था १९९४ पासून असे काम करीत आहे. तेथील निवासी प्रौढांना ‘विशेष मित्र’ म्हणतात.

अशा ठिकाणी स्वयंसेवक हवे असतात, आणि एक नैतिक प्रश्न तेथूनच सुरू होतो.

समजा, मेथीचा वाफा खुरपायचा आहे. विशेष मित्र एक तण उपटतो, ते निरखून पाहतो, मग दुसऱ्याकडे वळतो. कधी तणाबरोबर मेथीही उपटली जाते. तासाभरात हातभर वाफा होतो. शेजारी बसलेल्या स्वयंसेवकाच्या जिवाची घालमेल होते. ‘‘दे इकडे, मी करतो,’’ असे म्हणून तो खुरपे घेतो आणि दहा मिनिटांत वाफा स्वच्छ करतो. मदत कोणाला झाली? वाफ्याला झाली. मित्राच्या हातचे काम मात्र गेले.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट ह्यांनी १७८५ साली मांडले. आपण हा नियम शोषण करणाऱ्यांना लावतो. पण सेवा करणाराही समोरच्याला साधन बनवू शकतो. स्वतःच्या समाधानाचे, पुण्याचे, एखाद्या छायाचित्राचे साधन!

मग त्यांना काम करू द्यावे, म्हणजे त्यांना प्रतिष्ठा लाभेल, असे आपण म्हणू. हे म्हणणे चांगले आहे, पण अपुरे आहे. प्रतिष्ठा कामातून येत असेल, तर ज्याला खुरपे धरताच येत नाही त्याचे काय? सहाव्या शतकात बोएथियसने व्यक्तीची व्याख्या केली तेव्हा तिच्या विवेकशील स्वभावावर बोट ठेवले. तो विवेक दर घटकेला किती चालतो, ह्यावर नव्हे. झोपेत आपण कोणीच विचार करीत नसतो, तरी आपण माणूसच असतो.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला येथे आठवतो. शेवटचे मजूर दिवसभर बाजारात उभे होते. ते आळशी नव्हते, त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. मालकाने दोन गोष्टी केल्या. दिवस मावळायला तासच उरला असतानाही त्याने त्यांना मळ्यात बोलावले, आणि मजुरी देताना तास मोजले नाहीत. काम देणे आणि माणसाची किंमत कामावरून न ठरवणे, ह्या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. पहिली नसली तर दया उरते, दुसरी नसली तर व्यवहार उरतो.

आणखी एक गोष्ट. स्वयंसेवकाला न येण्याची मोकळीक असते, फाटकापाशी वाट पाहणाऱ्या मित्राला ती नसते. म्हणून थोडेच कबूल करावे, पण ते पाळावे. महिन्यातून दोन शनिवार म्हटले तर दोन शनिवार. उत्साहाने चार आठवडे जाऊन पाचव्याला न सांगता थांबणे, ह्यापेक्षा न गेलेले बरे.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अशा प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. ही तरतूद आईवडिलांनी जरूर समजून घ्यावी. पण पालक कागदावर सही करील. बांधावर शेजारी बसणारा सोबती कायदा देऊ शकत नाही. तो शेजाऱ्यांतूनच यावा लागतो.

आपल्या वसईत अजून काही वाड्या शिल्लक आहेत. केळीला पाणी घालायचे असते, फुले खुडायची असतात, भाजीच्या जुड्या बांधायच्या असतात. शेजारच्या घरातील त्या मुलाला किंवा मुलीला आठवड्यातून एक सकाळ आपल्या वाडीत बोलवाल का? काम उशिरा होईल, थोडी नासधूसही होईल. परंतु त्या घरातील आईवडिलांच्या प्रश्नाला आपल्यापुरते उत्तर मिळू लागेल. ज्यांची तयारी आहे त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर मला भेटावे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू