घरातील अडगळ: ठेवावे काय व सोडावे काय?

कोणतीही वस्तू जपून ठेवावी, ती केव्हा ना केव्हा कामास येईल, हे वचन खेडोपाडी लहानपणापासून सर्वांच्या कानी पडत असते. ज्या घरात पीक विकल्यावरच काय तो पैसा दिसतो, त्या घरात हे वचन मूर्खपणाचे आहे असे कोण म्हणेल? तथापि माळ्यावरील फुटकी घागर, पलंगाखालच्या गंजलेल्या ट्रंका, परसातील जुने टायर, आणि कोनाड्यातील रिकाम्या बाटल्या व बंद पडलेली घड्याळे ह्यांकडे पाहिले असता मनात एक प्रश्न उभा राहतो. तो असा की, जपून ठेवणे हा सद्गुण कोठवर असतो, आणि तो कोणत्या ठिकाणी संपून नुसते भय उरते? वाचक बंधुभगिनींनो, ह्या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू, आणि मग ही अडगळ थोडथोडी कशी दूर करता येईल तेही पाहू.

काटकसर व संचय ही दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात; परंतु त्यांचा पाया निरनिराळा आहे. आमच्या आयाबहिणी जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून, त्यांस धावदोरा घालून वाकळ शिवतात. ही खरी काटकसर होय. कारण तिच्यामुळे फाटक्या वस्त्रास नवे काम मिळते व थंडीच्या दिवसांत मुलांच्या अंगावर ऊब येते. उलटपक्षी, वाकळ करू असे म्हणून गाठोड्यात बांधलेली वस्त्रे दहा पावसाळे तशीच पडून राहिली, त्यांस कसर लागली, व त्यांत उंदरांनी पिले घातली, तर त्यास काटकसर म्हणता येणार नाही. काटकसर करणारा मनुष्य वस्तूचे काम व ते करण्याची वेळ ही दोन्ही सांगू शकतो. संचय करणाऱ्यास विचारले तर तो एवढेच म्हणतो की, असू द्या, पुढे लागेल. हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याने अर्धे काम केले असे आम्ही समजतो.

आणखी एका गोष्टीचा विचार क्वचितच होतो. घरात राहिलेली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी श्रमाची मागणी करीत असते. ती झाडावी लागते, उचलून तिच्याखाली सारवावे लागते, पावसात आत घ्यावी लागते, उन्हात बाहेर टाकावी लागते. 'असू दे' हा हुकूम बहुधा घरधनी देतो. परंतु त्या हुकुमाचा भार घरधनीण वाहते. दोन खणांच्या घरात सहा माणसे राहत असता जी वस्तू कोणाच्याही उपयोगी पडत नाही, ती एका माणसाच्या निजण्याची जागा अडवून बसते. ह्यास्तव वस्तू ठेवणे हा केवळ आपल्या मर्जीचा प्रश्न नसून तो शेजारधर्माचा प्रश्न आहे. आणि सर्वांत जवळचा शेजारी आपल्याच छपराखाली असतो.

अडगळीने जीवावरही बेतते, हे खेड्यातील माणसास सांगावयास नको. जेथे सामानाचे ढीग व सांडलेले धान्य, तेथे उंदीर. आणि जेथे उंदीर, तेथे त्यांच्या मागावर साप. लाकडे व गोवऱ्या भिंतीशी रचल्या म्हणजे त्यांत विंचू आसरा घेतात. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करते, आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. त्यामुळे उपचारास उशीर होतो. सन २००० पासून २०१९ पर्यंतच्या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांपैकी बहुतेक खेड्यांतील होती. डेंग्यूचा ताप पसरविणारा डास तर फुटक्या मडक्यात व टायरात साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, व सुमारे आठदहा दिवसांत त्या अंड्यांपासून नवे डास उडू लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवावी, असे आरोग्यखाते सांगते. अंडी भांड्याच्या कडेस चिकटून कोरडीच कित्येक महिने टिकतात; ह्याकरिता भांडे उपडे करणे पुरे होत नाही, ते घासावे लागते.

आता कोणी म्हणेल की, एवढे जर भय आहे, तर एकदाच काय ते सगळे घर रिकामे करून टाकावे. ह्यावर इतिहासातील एक गोष्ट स्मरणात ठेवण्याजोगी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग प्रकट झाला, व १८९७ साली पुण्यात तपासणीकरिता सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. त्यांनी सामान बाहेर काढले, कित्येकांचे जाळले. त्यांचा हेतू रोग हटविण्याचा होता. परंतु लोकांच्या मनात त्याबद्दल संतापच राहिला. प्लेगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराची येथे प्रयोगाने दाखविले. अर्थात ज्या वेळी घरे उपसली जात होती त्या वेळी रोगाचे खरे कारण कोणास नीट ठाऊक नव्हते. ह्यावरून आम्ही इतकेच घेतो की, दुसऱ्याच्या हाताने व बळजबरीने झालेली सफाई घर रिकामे करील, पण घरातील माणसाचे मन वळविणार नाही. आपल्या हाताने, आपल्या समजुतीने सोडलेली एक वस्तू ही हिसकावून नेलेल्या शंभर वस्तूंहून अधिक मोलाची होय.

आणि घरातल्या घरात देखील बळजबरी होऊ शकते. सासूबाईंचे गाठोडे त्यांस न विचारता भंगारवाल्यास देणे, मुलाची मोडकी गाडी त्याच्या मागे फेकून देणे, ही सफाई नव्हे. मृत माणसाच्या वस्तूंविषयी तर विशेष जपून वागावे. तीर्थरूपांचे धोतर, काठी, चष्मा, डबा हे सर्व ट्रंकेत कोंडून ठेवल्याने त्यांची आठवण अधिक राहते असे नाही. एक वस्तू निवडावी, ती दृष्टीसमोर किंवा वापरात ठेवावी, आणि बाकीच्या ज्यास लागतील त्यास द्याव्या. परंतु ज्यांचे दुःख ताजे आहे त्यांना घाई करू नये.

आता रीतीविषयी. सबंध घर एका दिवसात काढणाऱ्याचे काय होते हे पुष्कळांनी पाहिले आहे. सकाळी सर्व सामान अंगणात येते. दुपारपर्यंत प्रत्येक वस्तूबद्दल विचार करून डोके थकते. संध्याकाळी चूल पेटवावयाची असते, म्हणून जे हाती येईल ते पुन्हा माळ्यावर कोंबले जाते. येथे हातांपेक्षा मन अगोदर दमते. ह्यास्तव एका दिवशी एकच कोनाडा, किंवा एकच फळी, किंवा एकाच ट्रंकेचा वरचा थर घ्यावा. पाव तासाहून अधिक वेळ देऊ नये. वस्तूंचे तीन वाटे करावे: ठेवावयाच्या, द्यावयाच्या, व मोडीत घालावयाच्या. ज्यांबद्दल मन ठरत नाही त्या एका पिशवीत घालून तिच्यावर तारीख लिहावी. सहा महिन्यांत पिशवी उघडण्याची गरज पडली नाही, तर उत्तर आपोआप मिळाले. उठण्यापूर्वी ठेवावयाच्या वस्तू जागेवर लावाव्या, म्हणजे काम अर्धवट राहणार नाही. सातबारा, रेशनकार्ड, जन्माचे दाखले, लसीची कार्डे व मंडळीची जुनी दप्तरे ही मात्र अडगळ समजू नयेत; त्यांस एक पत्र्याचा डबा नेमून द्यावा, व तो कोठे आहे हे घरातील सर्वांस सांगावे.

देताना विवेक असावा. जे आपण स्वतः अंगावर घालणार नाही असे चिंधूक गरिबास देऊन आपण दान केले असे मानणे हा त्याचा अपमान आहे. त्याचप्रमाणे आपला कचरा ओढ्यात लोटणे, किंवा प्लास्टिक अंगणात जाळून त्याचा विषारी धूर शेजाऱ्याच्या घरात सोडणे, ह्यास सफाई म्हणता येत नाही. तेथे घाणीने केवळ आपले घर बदलले.

ऊस तोडण्यास जाणारी कुटुंबे दर वर्षी सगळा संसार एका गाडीत भरून निघतात, व कित्येक महिने कोपीत राहतात. त्यांजकडे बोट दाखवून, पाहा, किती थोडक्यात भागते, असे कोणी म्हणू नये. नाइलाजाने थोडक्यात राहणे व विचाराने थोडक्यात राहणे ह्यांत फार अंतर आहे. पहिल्याचे दुःख दूर करणे आपले कर्तव्य आहे. दुसरे मात्र शिकण्याजोगे आहे, आणि ते ज्याच्या घरात दोन वेळचे अन्न व चार वस्तू अधिक आहेत त्यानेच शिकावयाचे आहे.

एका कोनाड्याने काय होणार, अशी शंका शेवटी उरते. गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात आले म्हणजे हाती खराटा घेऊन गावाचे रस्ते झाडू लागत. सगळा महाराष्ट्र एकट्याच्या खराट्याने झाडून होणार नाही, हे त्यांस ठाऊक नव्हते काय? पण पायाखालची जागा स्वच्छ झाली, आणि पाहणाऱ्याच्या हातीही खराटा आला. घरातही तसेच आहे. एक कोनाडा मोकळा झाला म्हणजे घर मोठे होत नाही. परंतु 'पुढे लागेल' ह्या भयास त्या दिवशी आपण एकदा नाही म्हटले, व दुसऱ्या दिवशी नाही म्हणणे तितके जड जात नाही. आज दिवेलागणीपूर्वी पाव तास काढावा, आणि घरात जो कोनाडा सर्वांत लहान असेल त्यापासून आरंभ करावा.