काही लागलं तर सांगा

सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्यात चिंचोळी एमआयडीसी आहे. तिच्या आसऱ्याने वसलेल्या एका वस्तीत, भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत अक्का राहायची. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगूभाषक विणकर घरातली, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाणारी. नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील." दिवसा घरात सासूबाई असायच्या, पण त्यांच्या हातात तेवढा जोर नव्हता. म्हणून जेवणाच्या सुट्टीत अक्का धावत घरी यायची आणि रात्री गजर लावून उठायची.

वस्ती वाईट नव्हती. जाता-येता सगळे म्हणायचे, "अक्का, काही लागलं तर सांगा." अक्का म्हणायची, "काही नको." मग प्रत्येक जण समाधानाने आपल्या वाटेला लागायचा.

एका पहाटे चार दिवसांनी नळाला पाणी आलं. अक्काची घागर भरली, वाहू लागली, तरी ती हलेना. भिंतीला टेकून उभ्या-उभ्याच तिचा डोळा लागला होता. रांगेतून ओरडा सुरू झाला. तेव्हा कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या मावशी पुढे आल्या. त्यांनी नळ बंद केला आणि मागे वळून विचारलं, "काही लागलं तर सांग, असं हिला कोण कोण म्हणालं होतं?"

सगळ्यांनीच मान हलवली.

"मीसुद्धा म्हणाले. जिला झोपायला सवड नाही, ती आपल्याला कामं कधी वाटून देणार? मागायला जायचं, हासुद्धा तिच्यावर बोजाच की!"

त्याच दिवशी मावशी अक्काकडे गेल्या. काय हवं, ते विचारलंच नाही. "दुपारची कूस उद्यापासून माझी. तू कारखान्यातच निवांत जेव."

"तुम्हाला जमायचं नाही, मावशी."

"मग शिकव की."

गावातल्या आशाताईही आल्या. एक हात खांद्याला, एक कमरेला लावून माणसाला हळूच कसं वळवायचं, पाठीशी आणि गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची, भरवताना नीट बसवून लहान-लहान घास का द्यायचे, हे त्यांनी दाखवलं. नवऱ्याला बोलता येत नव्हतं, पण त्याचा संकोच सगळ्यांना दिसला. अंघोळीला कोण चालेल, असं त्यालाच विचारलं. त्याने डाव्या हाताने निवृत्त एसटी कंडक्टर आबांकडे बोट केलं.

दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री परतणाऱ्या वायरमनने रात्रीची एक कूस घेतली. कॉलेजातल्या एका पोरीने संजय गांधी निराधार योजनेचे कागद जमवून अर्जाचं काम अंगावर घेतलं.

पहिल्याच आठवड्यात घडी विस्कटली. वायरमनला जादा पाळी लागली आणि त्याने अक्काला निरोप धाडला. ती पुन्हा रात्रभर जागी राहिली. मावशींनी सगळ्यांना बोलावून नियम घातला, "ज्याला जमणार नाही, त्याने आपल्या जागी दुसरा माणूस बघायचा. अक्काला निरोप द्यायचा नाही."

या नियमाने घडी बसली. नवरा काही उठून चालू लागला नाही. पण त्याची पाठ शाबूत राहिली, अक्काची नोकरी टिकली आणि रात्री तिला सलग चार तास झोप मिळू लागली. आजारपण तेच होतं, ते पेलणारे हात वाढले होते.

केरळात मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच अशी कामं शिकून घेतली आणि अंथरुणाला खिळलेल्यांची घरं वाटून घेतली. २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरणही आणलं. आपल्याकडे पाळ्यांवर चालणाऱ्या एमआयडीसीला तरी हे शिकवायला नको. यंत्र बंद पडू नये म्हणून एक कामगार घरी गेला की दुसरा उभा राहतो. घरात एकट्याने आजारी माणूस सांभाळणाऱ्या बाईची पाळी मात्र कधी सुटतच नाही. ती आपणच सोडवायची असते.

तात्पर्य : "काही लागलं तर सांगा" असं म्हटल्याने मदत होत नाही. "हे काम, या वेळी, माझं" असं सांगून ते नेमाने करावं, आणि आपल्याला जमलं नाही तर त्याची तजवीजही आपणच करावी.