ठेवीदाराचा अडकलेला काळ

बँकेत ठेव ठेवणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने बँकेला कर्ज देणारा धनको असतो. मात्र कोणताही धनको ऋणकोची पत तपासतो आणि तारण मागतो, तसे काहीही करण्याची सोय ठेवीदाराला नसते, त्यामुळे रिझर्व्ह बँकेचा परवाना, लेखापरीक्षकाची सही आणि शाखेतील ओळखीचे कर्मचारी यांवरच त्याला विसंबावे लागते. म्हणूनच बँक अडचणीत आल्यावर ‘जास्त व्याजाच्या लोभाने पैसे ठेवले’ असा जो ठपका ठेवीदारावर येतो तो अन्यायाचा आहे. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाला अर्धा टक्का अधिक व्याज म्हणजे औषधांचा खर्च असतो, आणि परवानाधारक बँकेत तो मिळवणे हा जुगार नव्हे.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली, म्हणजे ठेवीदारांच्या हितासाठी बँकेला निर्देश देण्याच्या अधिकारात, या बँकेवर निर्बंध घातले आणि खात्यातून सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा ठेवली. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिली गेली होती आणि ती थकबाकी २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या आड लपवली गेली होती, असे तपासात पुढे आले. जे लेखापरीक्षकांना आणि नियामकाला वर्षानुवर्षे दिसले नाही, ते पासबुक भरून घ्यायला येणाऱ्या खातेदाराने ओळखायला हवे होते, अशी अपेक्षा कशी करता येईल?

ठेवीदाराच्या चिंतेचा विचार बहुधा पैसे बुडण्याच्या अंगाने होतो. प्रत्यक्षात त्याला आधी ग्रासते ते पैसे अडकणे. मुदत ठेव ही केवळ रक्कम नसते, तर एखाद्या ठरलेल्या दिवसासाठी राखलेली रक्कम असते, आणि महाविद्यालयाचे शुल्क, शस्त्रक्रिया किंवा घराचा हप्ता यांची तारीख उलटून गेल्यावर तीच रक्कम पूर्ण परत मिळाली तरी झालेली हानी भरून येत नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. सत्तरीतील ठेवीदाराच्या हिशेबात ही नऊ वर्षे म्हणजे उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग असतो.

अशा वेळी शाखेबाहेर लागणाऱ्या रांगेला भेदरलेपणा म्हणणे सोपे आहे. बँक ठेवींचा थोडाच भाग रोख ठेवून उरलेला दीर्घ मुदतीच्या कर्जांत आणि रोख्यांत गुंतवते, त्यामुळे सर्वांनी एकदम मागणी केली तर सुदृढ बँकही ती पुरवू शकत नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो रांगेत पुढेच उभा राहील, म्हणजे प्रत्येकाचे वागणे शहाणपणाचे असूनही परिणाम सर्वांच्या नुकसानीचा होतो. यावरचा उपाय म्हणजे ठेव विमा. केरळातील पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये कोसळल्यानंतर तो भारतात आला, तेव्हा संरक्षण १,५०० रुपयांचे होते. १९९३ मध्ये ते १ लाख झाले आणि महागाई कितीही वाढली तरी २०२० पर्यंत तिथेच थांबले, त्यानंतर ५ लाख झाले. निर्बंध लागू झाल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी ही २०२१ ची दुरुस्ती अधिक मोलाची मानायला हवी, कारण तिने प्रथमच ठेवीदाराच्या काळाची दखल घेतली.

तरीही हे संरक्षण व्याज धरून, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपुरतेच आहे. अनेक बँकांत पैसे विभागून ठेवावेत हा सल्ला योग्य असला, तरी तो देखरेखीचे ओझे पुन्हा ठेवीदाराच्याच माथी मारतो. शिवाय सहकारी गृहनिर्माण संस्था कायद्याच्या नजरेत एकच ठेवीदार ठरते, मग तिच्या दुरुस्ती निधीत शंभर कुटुंबांची वर्गणी का असेना. जानेवारी २०२२ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा वैयक्तिक ठेवीदारांच्या विम्यापलीकडील मोठ्या रकमांची परतफेड १० वर्षांपर्यंत लांबली, आणि संस्थात्मक ठेवींच्या विमा नसलेल्या हिश्श्यापैकी ८० टक्के रकमेचे रूपांतर १ टक्का लाभांशाच्या, परतफेडीची मुदतच नसलेल्या अग्रहक्क समभागांत झाले. गळक्या गच्चीची किंवा तडे गेलेल्या खांबांची दुरुस्ती त्या समभागांतून करता येत नाही, आणि या निधींसाठी सदस्यसंख्येनुसार विमा देण्याची तरतूद अजूनही कायद्यात नाही.