समोरच्या काकूंना बोलाव

जयसिंगपूर,
किंक्रांत

चि. मृदुलास,


परवा फोनवर तू आठवड्याभराचं सगळं एका दमात सांगितलंस. सईचा पुढचा दात पडला आणि तिनं तो तुळशीत पुरला, कढीपत्त्याला पालवी फुटली, तुझ्या आईचा पितळी डबा रिक्षात राहिला, पार्किंगवरून सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं झाली. आणि फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून विचारलंस, "आत्या, समोरच्या काकूंना हळदीकुंकवाला बोलवायचं का गं?" अशा गोष्टीचं उत्तर घाईघाईत देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी डब्याचं. डबा गेला म्हणून तुला रडू आलं आणि मग काकूंचं दार दिसलं तशी रडण्याची लाज वाटली, असं म्हणालीस. लाज कसली? झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तुझ्या आईचं नाव कोरलेलं होतं, त्यातून तू शाळेत पोहे नेलेस. तिची अशी किती भांडी आता राहिलीत? काका गेल्याचं काकूंचं दुःख डोंगराएवढं आहे म्हणून तुझं खोटं ठरत नाही. खुशाल रड, आणि कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवर एकदा नव्हे, चार वेळा जाऊन विचार. रिक्षावाले सापडलेली वस्तू बरेचदा ठेवून देतात, पण मालकच फिरकला नाही तर ते तरी काय करणार?

आता काकूंचं. लिफ्टमध्ये त्या भेटल्या, काय बोलावं सुचलं नाही म्हणून तू मोबाइलमध्ये बघत राहिलीस, असं तू सांगितलंस. हे तुझ्या एकटीचं नाही. माणूस गेलं की पहिले तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते. शेजारचे पिठलंभात आणून देतात, नातेवाईक मुक्कामाला राहतात, ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते. गोडाचं जेवण झालं की सगळे आपापल्या गाडीला लागतात. मग सकाळी चहा टाकताना हात सवयीनं दोन कप पाणी घेतो, पेपर कोणी उघडत नाही, संध्याकाळी सातच्या बातम्या लावाव्यात की नको ते कळत नाही. हे सगळं दोन महिन्यांनी सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच आपण समाचाराला जाण्याचं थांबवलेलं असतं. काकू आत्ता त्या टप्प्यावर आहेत.

त्यांच्याशी मोठं काही बोलावं लागत नाही. "काकू, मंडईत चाललेय, काही आणू का?" एवढं पुरतं. काकांचं नाव निघालं तर विषय बदलू नकोस. काकूंना त्यांच्याबद्दल बोलायचं असतं, ऐकणारं कोणी नसतं. आणि सईच्या वक्तृत्व स्पर्धेच्या बक्षिसाचं तू मुद्दाम सांगितलं नाहीस, त्यांना वाईट वाटेल म्हणून. ते मला पटलं नाही. काकांनी सईला गच्चीवर पतंग उडवायला शिकवलं, तिच्या भाषणातल्या जोडाक्षरांचे उच्चार करून घेतले. ते बक्षीस त्या घराचंही आहे. आनंद लपवला की दुखावलेल्या माणसाला तेवढंच कळतं की आता आपल्यासमोर लोक जपून बोलायला लागले. सईला बक्षीस घेऊन पाठव, तू मागं उभी राहू नकोस.

हळदीकुंकवाला बोलव. माझं उत्तर स्पष्ट आहे, आणि ते उगीच पुस्तकी म्हणून देत नाही. हेरवाड हे आमच्याच शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. करोनात कितीतरी तरुण घरधनी गेले होते, त्यांच्या बायकांचं काय झालं हे गावागावानं पाहिलं होतं. त्याच महिन्यात शासनानंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. ठरावानं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. चालीरीती ठरावानं येत नाहीत तशा ठरावानं जातही नाहीत. पण बाई जेव्हा "लोक काय म्हणतील" म्हणते, तेव्हा गावही तिच्या बाजूनं काही म्हणू शकतं, हे त्या दिवशी आमच्याकडे दिसलं.

ते साल शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं होतं. महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला हे शाळेत तुला शिकवलं असेल. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव, प्रिन्स शिवाजी, शिकारीत गेले. सून इंदुमतीदेवी तेव्हा कोवळ्या वयाची मुलगी. राजवाड्यातली बाई, त्यात विधवा. सगळ्यांची अपेक्षा एकच, की तिनं कोपऱ्यात बसावं. महाराजांनी सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. मुलगा गेलेल्या बापानं स्वतःच्या दुःखातून उठून सुनेच्या उद्याचा विचार केला, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या कायद्यांइतकी मोठी वाटते.

सासूबाईंना "बरं दिसत नाही" असं वाटतं, म्हणालीस. त्यांच्याशी वाद घालू नकोस, आणि हेरवाडचा ठराव तर मुळीच वाचून दाखवू नकोस. लहानपणी त्यांनी आजूबाजूला जे घडताना पाहिलं तेच त्या बोलतात, आणि त्यात काकूंबद्दल आकस नाही. उलट त्या दोघी रोज सकाळी देवळात जोडीनं जात होत्या, हे तूच सांगतेस. मग त्यांनाच विचार, "आई, काकूंना तुम्ही बोलावलंत तर त्यांना जास्त बरं वाटेल, जाल का?" आपल्या वयाच्या मैत्रिणीनं दारात येऊन बोलावणं आणि तरुण शेजारणीनं बोलावणं यात फरक आहे. त्या नाही म्हणाल्या तर तू जा. पण आधी त्यांना मान दे.

बोलावशील ते काकू एकट्याच असताना बोलाव, दोन दिवस आधी. चार बायकांसमोर "काकू, यायचं हं" म्हटलंस तर त्यांना हो किंवा नाही म्हणणं दोन्ही अवघड होईल. "काकू, तुम्हाला यावंसं वाटलं तर या, मला फार बरं वाटेल," एवढंच म्हण. त्या नाही म्हणाल्या तर आग्रह नको. दुसऱ्या दिवशी तिळगूळ आणि वाण घेऊन त्यांच्याकडे जाऊन बस. आल्या, तर एक गोष्ट जप. हळदीकुंकवाचं ताट घेऊन फिरताना त्यांच्यापाशी तुझा हात अडखळता कामा नये. शेजारणीला लावलंस तसंच थांब, त्यांनी कपाळ पुढं केलं तर कुंकू लाव, मान हलवली तर हसून अत्तर लाव आणि वाण हातात दे. ते क्षणभराचं अडखळणं सगळ्या खोलीला दिसतं, आणि ज्यांच्यासाठी असतं त्यांना ते जन्मभर आठवतं.

आणि फोटो काढून ग्रुपवर टाकू नकोस. हल्ली 'विधवा सन्मान सोहळा' असे फलक लावून बायकांना मंचावर रांगेत बसवतात, हेतू चांगला असतो, पण त्या बायकांचे चेहरे मी पाहिलेत. काकू हळदीकुंकवाला यायच्या त्या तुझ्या शेजारीण म्हणून. कशाचं उदाहरण म्हणून नव्हे.

अजून एक काम आहे, आणि ते वाणापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. काकांची पीएफची पेन्शन होती असं तू मागं म्हणाली होतीस. त्यातली निम्मी पत्नीला मिळते, आणि महिना हजार रुपयांच्या खाली ती जात नाही. पण आपोआप सुरू होत नाही, मृत्यूचा दाखला आणि कागद द्यावे लागतात. त्यांचा मुलगा बंगळुरूला, त्याला वरचेवर येता येत नाही. तू एक दिवस अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर जा. महापालिकेतून दाखल्याच्या सात-आठ प्रती काढून घ्या. बँक, पेन्शन, विमा, गॅस, वीज, सोसायटी, जो तो मागतो. बँकेतलं खातं दोघांच्या नावानं आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर काकूंना ते चालवता येईल. काकांच्या एकट्याच्या नावावर असेल तर नॉमिनी कोण ते बघा. फ्लॅटचंही विचारा. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून कोणाचं नाव असलं तरी नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीनं सांभाळणारा असतो. हे कोणी समजावून सांगत नाही आणि मग भावाभावांत बोलणं बंद होतं. काउंटरवर काकू गोंधळतील, सही चुकेल, डोळे भरून येतील. शेजारी उभी राहा, फॉर्म तू भर, सही त्यांनाच करू दे. खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलणंही त्यांनाच करू दे. पुढं त्यांना हे एकटीनं करायचं आहे.

त्याच रात्री जावईबापूंना घेऊन बस आणि तुमच्या दोघांच्या खात्यांवर, विम्यावर, घरावर कोणाची नावं आहेत ते बघ. लग्नाआधीच्या खात्यांवर अजून आईवडिलांचीच नावं असतात. अशुभ बोलते म्हणून रागावू नकोस. दादा गेला तेव्हा तुझ्या आईला काय काय सोसावं लागलं ते मी जवळून पाहिलंय. सगळं बघून झालं की मला फोन कर, मी वाट बघते. सईला आणि सासूबाईंना तिळगूळ. डबा मिळाला तर तेही कळव.

तुझी,
आत्या