विक्रमाचं डोकं शाबूत कसं?

पोपटावर मराठी भाषेनं फार अन्याय केला आहे. जुन्या गोष्टींत पोपट म्हणजे पिंजऱ्यातला शास्त्री. आपण मात्र न समजता बडबडण्याला ‘पोपटपंची’ म्हणतो आणि कुणाची फजिती झाली की ‘त्याचा पोपट झाला’ म्हणून टाळ्या देतो.

वेताळपंचविशीत मात्र पोपटाला मान आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागरा’त या गोष्टी घातल्या. आमच्या पिढीला त्या ‘चांदोबा’नं आणि १९८५ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या मालिकेनं भेटवल्या. त्यातल्या तिसऱ्या गोष्टीत एक पोपट साळुंकीला लग्नाचं विचारतो. ती म्हणते, ‘पुरुष वाईट.’ तो म्हणतो, ‘बायकाच वाईट.’ दोघंही पुराव्यादाखल एकेक गोष्ट सांगतात. मग वेताळ विक्रमाला विचारतो, ‘जास्त वाईट कोण?’ राजा बेधडक सांगतो, ‘बायका! पुरुष एखादाच तसा निघतो.’

ही गोष्ट मी महाळुंग्यात आठ वर्षांच्या भाचीला सांगत होतो. तिचे बाबा चाकण एमआयडीसीत रात्रपाळीला. तेव्हा गोष्टीचं खातं माझ्याकडे वर्ग झालेलं. ती ताडकन उठून बसली.

“मामा, उत्तर साफ चुकलं! मग त्याचं डोकं कसं नाही फुटलं?”

आता अर्जाच्या पाठीमागचा बारीक अक्षरांतला मजकूर वाचण्यात माझा जन्म गेला. वेताळाची अट मी मनातल्या मनात पुन्हा वाचली. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, एवढंच तिच्यात आहे. चुकीच्या उत्तराला दंड नाही. बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर जाईल आणि तुझी पायपीट वाढेल, बस्स.

“म्हणजे चुकलं तरी चालतं?” भाची.

चालतं कसलं! राजाचं ते उत्तर नऊशे वर्षं लोक ऐकत आले. पण तो मोठ्यानं बोलला, म्हणून तर ते आज एका चिमुरडीला खोडून काढता आलं. गप्प बसणाऱ्याची चूक कोण दुरुस्त करणार? ती त्याच्या पोटात सुखरूप असते, मुदत ठेवीसारखी. वर तिच्यावर व्याज चढतं ते वेगळंच.

आमच्याकडे काउंटरवर ‘साहेबांना विचारा’ हे तीन हजार प्रश्नांचं एकच उत्तर आहे. बोलेल त्याच्या टेबलावर फाइल, हा कचेऱ्यांचा सनातन नियम. थोडक्यात, वेताळाचं प्रेत! म्हणून जाणती माणसं मौन पाळतात आणि बढतीही घेतात. त्यात फार तर कुणाचा एखादा हेलपाटा वाढतो. पण वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत प्रेसखाली बोटं जातात. मशीनचा सेन्सर बंद आहे हे शेजारच्याला ठाऊक असतं, सुपरवायझरलाही ठाऊक असतं. बोललं तर मशीन थांबणार, काम मागे पडणार, बोलणी बसणार. म्हणजे पुन्हा पायपीट. न बोलणाऱ्याचं डोकं मात्र फुटत नाही. बोटं जातात, तीही दुसऱ्याची. वेताळ निदान ज्याचा गुन्हा त्याचंच डोकं मागायचा.

सगळंच मौन वाईट, असंही नाही. चोविसावं कोडं नात्यांच्या गुंत्याचं आहे. बापानं मुलीशी लग्न केलं, मुलानं तिच्या आईशी. आता त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजाला खरंच सुचेना. तो गप्प राहून चालू लागला. डोकं फुटलं नाही. उलट वेताळ प्रसन्न झाला.

सारांश काय, तर तोंड मिटण्याची परवानगी फक्त खऱ्या अज्ञानाला आहे. आता आपल्याला जे जे ठाऊक नाही असं आपण म्हणतो, त्यातलं किती खरोखर ठाऊक नसतं, हे पंचविसावं कोडं समजा. त्याचं उत्तर साहेबांना विचारून उपयोग नाही.