फोडणाऱ्याचं नाव

वाशिंद स्टेशनात सकाळच्या लोकलची वाट पाहताना रुळांखालची खडी कोणी न्याहाळत नाही. काळी, टोकदार, सगळी सारखी. पण जगभरचे खनिजसंग्राहक महाराष्ट्राचं नाव घेतात ते याच दगडासाठी.

संग्रह करायचा तर माणूस मुलूख बदलत हिंडतो. भंडाऱ्याचं मँगनीज, रेडीचं लोहखनिज, चंद्रपूरचा कोळसा. आपल्या शहापूर-मुरबाडकडे मात्र माहुलीपासून माळशेजपर्यंत एकच काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. विविधता आहे ती त्याच्या पोटात. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले. पुढे या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि भिंतींवर स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, गारगोटी असे स्फटिक धरले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत तर कॅव्हन्साइट निघाला. असा निळा, की परदेशातल्या म्युझियममध्येही चिठ्ठीवर वाघोली लिहिलेलं असतं!

हे सगळं उघड्यावर येतं ते कोणीतरी कातळ फोडतो म्हणून. 1855 साली कल्याणहून रेल्वे वाशिंदपर्यंत आली, पुढे कसाऱ्याचा घाट फोडला गेला. तिकडे बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर कापताना निघालेले नमुने विलायतेतल्या संग्रहांत गेले. चिठ्ठीवर खनिजाचं नाव येतं, गावाचं येतं, कधी संग्राहकाचंही. सुरुंग लावणाऱ्याचं नाही.

संग्राहक चिठ्ठीबद्दल काटेकोर असतात, आणि ते बरोबरच आहे. गाव हरवलं की नमुन्याची शोभेची वस्तू होते. पण मग ज्यानं तो क्रशरच्या तोंडातून बाजूला काढला, त्याची नोंद कोणत्या हिशेबानं गळते? घण कुठे घालायचा हे खाणीतल्या कोणालाही कळतं. कुठे आवरायचा, हे कळायला नजर लागते. ती पुस्तकातून येत नाही. (सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये दिव्यांखाली चकाकणारे स्फटिक बघताना हे हात हटकून विसरायला होतात.)

अलीकडे समृद्धी महामार्गासाठी इगतपुरीजवळ याच कातळातून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा खणला. त्यातले किती स्फटिक कोणी फडक्यात गुंडाळून घरी नेले आणि किती भरावात गेले, याची यादी कुठे मिळाली तर म्युझियमच्या यादीआधी मी ती वाचेन.